यावल ते शिंदखेडा, व्हाया कार्ब्युरेटर

मोटारसायकलवरून प्रवास करणारी माणसं हल्ली बर्फात जातात, खिंडीत उभी राहून फोटो काढतात आणि परत आल्यावर स्वतःचा शोध लागल्याचं सांगतात. मी यावलहून शिंदखेड्याला गेलो आणि परत आलो. वाटेत तापी लागते. बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो, तोही मागितला तर. मला स्वतःचा शोध लागला नाही. कार्ब्युरेटर कुठे असतो याचा लागला.

गाडी माझी नव्हे, माझ्या थोरल्या भावाची, नानांची. नाना गेल्या हिवाळ्यात गेले. केळीच्या बागेतून दुपारी घरी आले, वहिनीकडे पाणी मागितलं, आणि ती माठातून पाणी घेऊन येईपर्यंत ते नव्हते. मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं जागच्या जागी लावणं एवढंच मला येतं. बाकी सगळं नानांना येत असे, त्यामुळे मला आणखी काही शिकायची पाळी आली नव्हती.

बाहेरच्या वाचकांसाठी आखाजीबद्दल सांगायला हवं. इतर ठिकाणी तिला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आमच्या खानदेशात त्या दिवशी दोन प्रकारची माणसं घरी येतात: सासरी गेलेल्या लेकी आणि वर गेलेले पितर. पुरणपोळी दोघांसाठी एकच. पितरांसाठी मातीची घागर पाण्याने भरतात आणि तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. ते डांगर घरच्या थोरल्या लेकीनं ठेवायचं, अशी आमच्या घरची रीत. नानांची ही पहिलीच घागर होती. घरची थोरली लेक, म्हणजे आमची अक्का, नानांपेक्षाही मोठी, शिंदखेड्याला दिलेली.

तिला आणायला दरवर्षी नाना मुऱ्हाळी म्हणून जात, याच गाडीवर. यंदा तिचा फोन आला. "मुऱ्हाळी आला तर येईन. नानाच्याच गाडीवर. नाहीतर डांगर तुमचं तुम्ही ठेवा."

वहिनी म्हणाली, "अक्का आल्या नाहीत तर मी घागर भरणार नाही."

दोघींनी मिळून गाठ मारली आणि दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. आखाजी तीन-चार दिवसांवर आली होती.

यावल

गाडी हिवाळ्यापासून अंगणात उभी होती. जुनी, धूर सोडणारी फटफटी. आत पेट्रोल शिल्लक होतं. कॉक उघडला, आणि इंजिनाच्या बाजूला लटकलेल्या वाटीएवढ्या भांड्यातून पेट्रोल टपकू लागलं. त्या भांड्यालाच कार्ब्युरेटर म्हणतात. म्हणजे त्या सगळ्या यंत्राला म्हणतात, पण गळतं ते भांडं.

आमचे चुलते, आबा, ओट्यावर बसले होते. आबांचं वय झालं आहे. मतं मात्र ताजी असतात. ते म्हणाले, "वायसर बदल."

"कुठला वायसर, आबा?"

"जो खराब हाये तो." मग माझ्या हातातलं गाडीचं माहितीपुस्तक पाहून म्हणाले, "भो, ही गाडी हाये. वाचून चालत नाही ती."

निघताना वहिनीनं दिव्याच्या काचेला कुंकू लावलं. आबांनी आतून निरांजन आणवलं आणि गाडीखाली, बरोबर त्या टपकणाऱ्या भांड्याच्या शेजारी, ठेवलं.

"आबा, पेट्रोल गळतंय."

"गळू दे. देवाचं निरांजन हाये, ते काय करते?"

ते काय करतं हे देव सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. मी निरांजन उचलून ओट्यावर ठेवलं. आबांनी तोंड फिरवलं. शुभ कामाला निघालेल्या माणसानं दिवा उचलू नये, असं ते नंतर वहिनीला म्हणाले म्हणे. गाडीनं पेट घेतला असता तर तोही शुभशकुनच ठरला असता बहुधा.

अडावद

यावलहून चोपड्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी. बागांच्या कडेला वारा अडवायला शेवरी लावलेली, आणि तिच्या फटीतून येणारी झुळूक एवढी गार की क्षणभर उन्हाळा खोटा वाटतो. बाग संपली की उन्हाळा पुन्हा खरा होतो. मी स्कूटर चालवणारा माणूस. नानांच्या गाडीनं मला पाठीवर घेतलं खरं, पण म्हशीनं परक्या माणसाला बसू द्यावं तसं.

अडावदला चहासाठी थांबलो. गाडी उभी राहिली आणि तिच्याखाली रुपयाएवढा ओला डाग पडला, मग बशीएवढा. टपरीवरची माणसं उठून आली. गाडी त्यांनी ओळखली.

"ही नानांची ना? नाना कुठी?"

मी सांगितलं. एकानं डोक्यावरची टोपी काढली. मग विचारपूस सुरू झाली. काय झालं होतं? आधी काही त्रास होता का? जळगावला न्यायला पाहिजे होतं. आमच्या मेव्हण्याला अगदी असंच झालं होतं, पण वेळीच दाखवलं, म्हणून वाचला.

थोडा वेळ शोकाचा गेला. मग त्यातल्याच एकाचं लक्ष डागाकडे गेलं. कधीपासून गळतंय? आधी काही त्रास होता का? जळगावला न्यायला पाहिजे. आमच्या मेव्हण्याच्या गाडीला अगदी असंच झालं होतं.

आवाज तोच, चेहरा तोच, मेव्हणाही बहुतेक तोच. गेले काही महिने आमच्या दारावर दुखवट्याला बसायला येणाऱ्या माणसांकडून मी हे ऐकत होतो आणि दर वेळी आतून चरफडत होतो, की गेलेल्या माणसाला आता जळगावला कसं न्यायचं? अडावदच्या त्या टपरीवर मला पहिल्यांदा कळलं की ही माणसं कुणाला दोष देत नाहीत. गळणारं काही समोर दिसलं की त्यांना हात लावल्याशिवाय राहवत नाही. हात पोचत नसेल तर सल्ला लावतात.

एकानं कपडे धुण्याचा साबण आणून भांड्याच्या सांध्याला चोळला. डाग थांबला. सगळ्यांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. मी गाडी सुरू केली, आणि गरम होताच साबण निघून गेला.

चोपडा

चोपड्याच्या गॅरेजवाल्यानं गाडीचा आवाज लांबूनच ओळखला. दर आखाजीला नाना त्याच्याकडे चहा घेत. तो कामात तरबेज आहे असं सगळे सांगतात, आणि नसेल असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही, कारण त्यानं काम केलंच नाही.

सुरुवात उत्तम झाली. त्यानं भांडं खोललं, आतला पेट्रोलवर तरंगणारा छोटा डबा काढला, त्याला टेकणारी सुई काढली, आणि सगळं जमिनीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं. मला समजावून सांगितलं की डबा वर आला की सुई तोंड बंद करते; टाकी जुनी, त्यात महिनोनमहिने उभी राहून आणखी गंजली, गंजाचा कण मध्ये येतो, तोंड उघडं राहतं, पेट्रोल वाहतं. इतकं स्पष्ट स्पष्टीकरण मी कॉलेजातही ऐकलेलं नाही.

मग त्यानं विचारलं, "यंदा नाना कसा नही उनात?"

मी सांगितलं.

त्यानं पाना खाली ठेवला. उठला, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, खांद्यावरच्या टॉवेलला पुसले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. मृत्यूची बातमी अवजार हातात धरून ऐकू नये, असं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. चहा आला. शेजारचा टायरवाला आला, तोही हात धुऊन बसला. कार्ब्युरेटर आमच्या मधोमध, पोट उघडं टाकून, शस्त्रक्रिया अर्धवट सोडल्यासारखा.

"कसा माणूस व्हता," गॅरेजवाला म्हणाला. "मले म्हने, तू गाडीना डॉक्टर, मी केळीसना."

त्याच वेळी गरम वाऱ्याची लू सुटली. वर्तमानपत्राची एक बाजू उचलली गेली आणि डबा, सुई, वायसर आणि दोन स्क्रू टायरवाल्याच्या दिशेनं गेले. शोकसभा गुडघ्यांवर आली. सगळं सापडलं. पण सापडेपर्यंत त्याच्या मनानं ठरवलं होतं की आज ह्या गाडीला हात लावणं बरं दिसत नाही. त्यानं सगळं होतं तसं घालून दिलं, गंजाच्या कणासकट. मी काही देऊ लागलो तर माझे हात धरून म्हणाला, "दुःखनं घर शे तुमनं. आते काही नही घेवाव."

गाडी आधीपेक्षा जोरात गळू लागली.

अमळनेर

तापीचा पूल ओलांडला की केळी मागे राहते आणि काळी, उघडी, भेगाळलेली जमीन सुरू होते. आम्ही पूर्वेकडचे लोक या भागाला कोरडा म्हणतो, आणि इकडचे लोक आमच्या बोलीला. पेट्रोल संपल्यामुळे एकदा गाडी ढकलली. ऊन असं होतं की माझी सावलीही माझ्या पायाखाली शिरून बसली होती. त्या दिवशी शिंदखेड्याला पोचायचं ठरलं होतं; अक्काला तसं कळवलंही होतं. अमळनेरपर्यंतच दिवस संपला.

तिथे नानांच्या मुलीचं सासर आहे. मुलगी आणि जावई नोकरीच्या गावी असतात. घरी व्याही आणि विहीणबाई. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि वरण-बट्टी वाढली. बट्टी तुपात बुडवून कुस्करायची, वर वरण ओतायचं आणि मग निदान दोन तास कुठल्याही यंत्राजवळ जायचं नाही, असा तो पदार्थ आहे.

व्याह्यांनी ओसरीत उभी केलेली गाडी बराच वेळ पाहिली. ते भजनी माणूस. म्हणाले, "ही गळत नाही. ही रडतेय."

मी घास थांबवला.

"खरं सांगतो. आमचा बैलजोडीवाला गेला तेव्हा बैलांच्या डोळ्यांना अशीच धार होती. वर्षश्राद्धापर्यंत हिला दुरुस्त करू नका. मन मोकळं होऊ द्या तिचं."

आतून विहीणबाई म्हणाल्या, "रडते तर रडू द्या. पण ओसरीत नको. फरशीले डाग पडस."

रडणारी गाडी बाहेर बोळात नेली. खोटं कशाला सांगू, अडावदच्या साबणापेक्षा हे निदान मला बरं वाटलं. रात्री मी बोळात उगाच एक चक्कर मारून आलो.

सकाळी निघताना व्याह्यांनी मला पाटावर बसवून पांढरी टोपी घातली. ज्याच्या घरात मृत्यू झाला त्याला नातेवाईक अशी दुखवट्याची टोपी घालतात. ती डोक्यावर आली की शोकातून उठून कामाला लागायचं. टोपी कडक होती आणि माझ्या डोक्याला मोठी.

अमळनेरच्या बाहेर गळती इतकी वाढली की बूट भिजला. रुमाल आदल्या दिवशीच कामी आला होता. मी इकडेतिकडे पाहिलं, टोपी काढली आणि भांड्याखाली सुतळीनं घट्ट बांधली. कामाला लागणं म्हणजे असंही असू शकतं.

शिंदखेडा

अक्काच्या गल्लीत शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि सगळी दारं बंद. गाडीचा आवाज घुमला. एकेक दार किलकिलं झालं. समोरच्या घरातल्या बाईनं ओरडून सांगितलं, "अक्का, तुना मुऱ्हाळी उना!"

"उना का? काल येवाना व्हता तो," आतून आवाज आला.

अक्का उंबऱ्यात उभी राहिली. इरकली लुगडं, हातात पिशवी, पायांत चपला. तिची सून मागून हळूच म्हणाली, "मामा, कालपासून अशाच बसल्या आहेत. रात्री पिशवी उशाशी घेऊन झोपल्या."

मी पाया पडलो. वाटलं होतं, आता रडारड होईल. अक्कानं माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं, सावकाश, मडगार्डापासून दिव्यापर्यंत. कुंकू अजून काचेवर होतं. मग तिची नजर खाली गेली.

"ही टोपी कोणी दिली?"

"अमळनेरच्या व्याह्यांनी."

"चांगली जागा मिळाली तिले."

तिनं सुतळी सोडली, टोपी पिळून दोरीवर वाळत घातली आणि कमरेच्या बटव्यातून अडकित्ता काढला. मला वाटलं सुपारी कातरणार. ती गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि अडकित्त्याच्या मुठीनं त्या भांड्यावर दोनदा ठोकलं. टक. टक.

पेट्रोल थांबलं.

मी वाकून पाहिलं. एक थेंब भांड्याच्या बुडाशी लोंबत होता. तो पडला, आणि त्याच्या मागून दुसरा आला नाही. सुईत अडकलेला कण ठोक्यानं सुटला होता, एवढंच. पण अडावदपासून अमळनेरपर्यंत अर्धा खानदेश जे करू शकला नाही ते झालं होतं.

"नाना असं ठोकायचे?"

"नाना कुठचा! त्याले सगळी गाडी खोलता यायची, ठोकता येत नसे. मी ठोकायची. दर थांब्यावर." अडकित्ता पुसून तिनं बटव्यात टाकला. "म्हणे, अक्का, ही तुझंच ऐकस."

अक्काच्या बोलण्यात यावल आणि शिंदखेडा कधी वेगळे झाले नाहीत. कुठल्या शब्दावर ती माहेरी आहे आणि कुठल्यावर सासरी, हे मला आजवर कळलेलं नाही.

गल्लीतल्या बायका ओट्यावर आल्या होत्या. अक्कानं प्रत्येकीला आवर्जून सांगितलं, "हा धाकटा. कॉलेजात शे. न्यायला आलाय." मी त्या उन्हात हात जोडून उभा होतो. मग ती एका अंगानं मागे बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि जरा मोठ्यानंच म्हणाली, "चाल दिनू, उशीर होस. वाट बघत असतील घरचे."

परत

बेटावदच्या पुढे एका निंबाखाली थांबलो. तिनं टक टक केलं आणि सावलीत बसली.

"दिनू, बसनंही आले असते मी. तुला वाटलं असेल, म्हातारी हट्ट करते."

"वाटलं होतं."

"बसनं जाणारी बाई कुठंही जात असेल. दवाखान्यात, नाहीतर कचेरीत. गाडी दाराशी येऊन वाजली की गल्लीला कळतं, हिला माहेर शे." तिनं सुपारी तोंडात टाकली. "नाना गेला तेव्हा समोरची म्हणाली, आते तुनी आखाजी सरनी. मी काही बोलले नाही. बोलून काय होतं? गाडी यायला पाहिजे होती."

मी गाडीबद्दल बोललो. "यावलला गेलो की टाकी साफ करून घेतो. पुढच्या वर्षी गळणार नाही."

"पुढच्या वर्षी येशील म्हणजे?"

"येईन की."

"मग राहू दे तशीच," अक्का म्हणाली. "दुरुस्त झाली तर मी काय करू?"

तापीच्या पुलाजवळ डांगरवाले बसतात. नदीच्या वाळूत पिकलेली डांगरं, जाळीदार, पिवळी. अक्कानं एकेक उचलून देठापाशी वास घेतला, विक्रेत्याला त्याच्याच मालातले दोष सांगितले आणि शेवटी पहिलंच घेतलं. पिशवीत जागा नव्हती. मी डांगर फडक्यात बांधून इंजिनाच्या मागच्या दांडीला लटकवलं. पुढचा रस्ता खड्ड्यांचा, आणि खड्डा लागला की कण पुन्हा सुईत अडकायचा. घरी पोचलो तेव्हा वाऱ्यानं मागे उडणारं, थांब्यांच्या मधलं सगळं पेट्रोल त्या फडक्यानं पिऊन घेतलं होतं.

पुन्हा यावल

आखाजीला सकाळी वहिनीनं घागर भरली. अक्कानं डांगर तीनदा धुतलं, पुसलं आणि घागरीवर ठेवलं. मग हात तसेच डांगरावर ठेवून ती थोडा जास्तच वेळ थांबली. वहिनीनं पदर तोंडाला लावला.

आबा निरांजन घेऊन आले. खाली वाकले, थांबले, आणि त्यांनी नाक उचललं.

"पेट्रोलचा वास येते." त्यांनी डांगर हुंगलं. "याले येते. दुसरं ठेवा. पितराले चालत नाही असं."

"कोणाच्या पितराले?" अक्का म्हणाली. "आबा, पितर कोण हाये? नाव सांग."

आबांनी घागरीकडे पाहिलं.

"रोज संध्याकाळी याच गाडीवर बागेतून यायचा तेव्हा कसला वास यायचा त्याले? अत्तराचा?"

आबा तसेच वाकून उभे राहिले. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला, या वेळी सावकाश. वायसर, साबण, जळगाव, काहीच त्यांच्या तोंडून निघालं नाही. मग त्यांनी निरांजन घागरीसमोर टेकवलं, क्षणभर पाहिलं, आणि बोटानं हळूच सरकवत सरकवत दोन हात लांब नेऊन ठेवलं.

"नाना आलाय," ते म्हणाले. "दिवा दूरच बरा."